संथ वाचन आणि सहवाचन : 'ॲना कॅरेनिना'च्या अनुषंगाने काही विचार

१

काव्याच्या अध्यापनात एखाद्या ओवीवर किंवा श्लोकावर आपण तास-दोन तास सहज खर्च करतो. त्यातील शब्दांची निवड, पाठभेद, अन्वय, अलंकार, ध्वनित अर्थ यांचा कसून विचार करतो, आणि तसे न करणारा विद्यार्थी काव्य वाचतच नाही असे मानतो. कादंबरीकडे वळताच मात्र ही शिस्त बहुधा सुटते. सात-आठशे पानांची कादंबरी परीक्षेपूर्वी कशीबशी संपवावी, कथानकाचा गोषवारा, चार प्रमुख व्यक्तींची स्वभावचित्रे आणि लेखकाच्या जीवनदृष्टीविषयी दोन परिच्छेद एवढी सामग्री जमवावी आणि कादंबरी 'झाली' असे म्हणावे, ही आपल्याकडील सर्वसाधारण रीत आहे. ती केवळ विद्यार्थ्यांची आहे असेही नाही. अध्यापकदेखील पुष्कळदा वीस वर्षांपूर्वी एकदा वाचलेल्या कादंबरीवर, त्या वेळी काढलेल्या टिपणांच्या आधारे, व्याख्याने देत असतो. प्रस्तुत लेखकाला या आरोपातून स्वतःला वगळता येत नाही.

या रीतीने नेमके काय हरवते, आणि कादंबरी संथपणे व चार सहवाचकांच्या संगतीत वाचल्याने त्यातील किती परत मिळते, या प्रश्नाचा विचार येथे लिओ टॉलस्टॉयच्या 'ॲना कॅरेनिना' या कादंबरीच्या आधारे करावयाचा आहे. कथानक वाचकांस परिचित आहे असे गृहीत धरले आहे. पीटर्सबर्गमधील उच्च अधिकारी कॅरेनिन याची पत्नी ॲना व तरुण लष्करी अधिकारी व्ह्रॉन्स्की यांचे प्रेम आणि त्याचा शोकान्त हा एक धागा. खेड्यात राहून शेती करणारा जमीनदार लेव्हिन व किटी यांचा विवाह आणि लेव्हिनचा जीवनार्थाचा शोध हा दुसरा. आणि ॲनाचा भाऊ ऑब्लॉन्स्की व त्याची सोशिक पत्नी डॉली यांचा संसार हा या दोहोंना जोडणारा तिसरा. गेल्या काही वर्षांत एका लहानशा वाचकमंडळात ही कादंबरी ओळीने वाचण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला. पुढील विवेचनात त्या अनुभवाचा प्रसंगोपात्त उल्लेख येईल.

'संथ वाचन' ही कल्पना नवी नाही. नीत्शे मूळचा भाषाशास्त्राचा अध्यापक. १८८६ साली आपल्या एका ग्रंथास जोडलेल्या प्रस्तावनेत त्याने स्वतःला संथ वाचनाचा शिक्षक म्हणवून घेतले, आणि घाईच्या युगात भाषाशास्त्राचे हेच खरे कार्य आहे असे प्रतिपादन केले. रशियात मिखाईल गेर्शेनझोन याने पुश्किनच्या अभ्यासात याच रीतीचा पुरस्कार केला. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात रूबेन ब्राउअर यांनी वाङ्मयाचा प्रारंभिक अभ्यासक्रमच या तत्त्वावर उभारला आणि १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधसंग्रहात त्याची मीमांसा केली. या सर्वांच्या विचारात वाचक हा मुख्यतः एकटा आहे, किंवा शिक्षकासमोर बसलेला आहे. समान अधिकाराच्या काही वाचकांनी एकत्र येऊन एकच ग्रंथ ठरलेल्या गतीने वाचणे ही याहून थोडी निराळी गोष्ट होय. तिलाच येथे 'सहवाचन' म्हटले आहे.

२

प्रथम एक ऐतिहासिक वस्तुस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. एकोणिसाव्या शतकातील थोर रशियन कादंबऱ्यांपैकी बहुतेक कादंबऱ्या त्यांच्या पहिल्या वाचकांनी संथपणेच वाचल्या. कारण त्यांना दुसरा उपायच नव्हता. 'ॲना कॅरेनिना' ही कादंबरी मिखाईल कात्कोव्ह याच्या 'रूस्की व्हेस्तनिक' या मासिकातून जानेवारी १८७५ ते एप्रिल १८७७ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. हा अवधी २८ महिन्यांचा. परंतु कादंबरीचे हप्ते छापले गेले ते केवळ १३ अंकांत. १८७५च्या एप्रिलनंतर पुढचा हप्ता मिळावयास १८७६चा जानेवारी उजाडला; त्या वर्षीच्या एप्रिलनंतर पुन्हा डिसेंबरपर्यंत खंड पडला. म्हणजे व्ह्रॉन्स्की आणि ॲना यांना अर्ध्या वाटेवर सोडून वाचकाला दोनदा आठ-आठ महिने थांबावे लागले. या काळात मासिकाचा अंक घरोघरी हातोहात फिरत असे, कुटुंबात मोठ्याने वाचला जात असे, आणि पुढे काय होणार, काय व्हावे, यावर बैठकींतून वाद होत असत.

आपल्याकडेही कादंबरीचा पाया असाच घातला गेला. हरि नारायण आपटे यांनी १८९० साली सुरू केलेल्या 'करमणूक'मधून त्यांच्या सामाजिक कादंबऱ्या क्रमशः येत आणि वाचक पुढील अंकाची वाट पाहत. एका बैठकीत ग्रंथ संपवणारा एकाकी वाचक ही कल्पना त्या मानाने अलीकडची आहे.

क्रमशः वाचनाचा परिणाम किती खोल होऊ शकतो, याचा उत्तम पुरावा डोस्टोव्हस्कीने स्वतः ठेवला आहे. आपल्या 'लेखकाची रोजनिशी' या नियतकालिकाच्या फेब्रुवारी १८७७च्या अंकात तो या कादंबरीविषयी लिहितो. आरंभी ती त्याला अतिशय आवडली होती. पुढे तपशील रुचत असले तरी समग्र कृतीविषयीची त्याची गोडी कमी झाली. हे सारे आपण टॉलस्टॉयच्याच पूर्वीच्या लेखनात वाचले आहे असे त्याला वाटू लागले. पण नंतर चौथ्या भागातील तो प्रसंग आला. ॲना प्रसूतीनंतर मृत्युशय्येवर आहे असे सर्वांना वाटते, आणि तिच्या उशाशी पती व प्रियकर हे दोघे शत्रू परस्परांना क्षमा करतात. या प्रसंगाने आपले सारे मत पालटले असे डोस्टोव्हस्की नमूद करतो. त्याच वर्षीच्या जुलै-ऑगस्टच्या अंकात त्याने या कादंबरीला कलाकृती म्हणून परिपूर्ण ठरवले, आणि त्याच लेखनात आठव्या भागातील लेव्हिनच्या मतांवर तितकीच कठोर टीका केली.

या आठव्या भागाचा इतिहासही उद्बोधक आहे. सर्बियाच्या युद्धासाठी निघालेल्या रशियन स्वयंसेवकांविषयी टॉलस्टॉयने त्यात जी थंड, साशंक भूमिका घेतली ती कात्कोव्हला मानवेना. नायिकेच्या मृत्यूबरोबर कादंबरी वस्तुतः संपलीच आहे, अशा अर्थाची टीप मासिकाने छापली. टॉलस्टॉयने १८७७ साली तो भाग स्वतंत्र पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध केला, आणि १८७८ साली संपूर्ण कादंबरी ग्रंथरूपाने आली. ॲनाच्या मृत्यूनंतर कादंबरी संपते की नाही, हा प्रश्न म्हणजे कादंबरी ॲनाची आहे की आणखी कशाची, हा प्रश्न होय. आणि तो कादंबरी पूर्ण छापून होण्यापूर्वीच उभा राहिला होता.

३

संथ वाचनाचा दुसरा आधार लेखकाच्या निर्मितिप्रक्रियेत आहे. १८७२च्या जानेवारीत यास्नाया पोल्यानाजवळील एका रेल्वे स्थानकावर ॲना पिरोगोव्हा नावाच्या स्त्रीने गाडीखाली जीव दिला. शेजारच्या जमीनदाराशी तिचे संबंध होते. टॉलस्टॉयने तिचे प्रेत पाहिले होते. १८७३च्या मार्चमध्ये त्याने कादंबरीस हात घातला. तिची समाप्ती १८७७ साली झाली. आरंभीचे मसुदे पुढे त्याच्या समग्र वाङ्मयाच्या आवृत्तीत प्रसिद्ध झाले आहेत. त्यांत नायिकेचे नाव तात्याना स्ताव्रोविच असे आहे. ती नंतरच्या ॲनापेक्षा पुष्कळच कमी आकर्षक आहे, आणि तिच्या पतीकडे लेखकाचा सहानुभूतीचा कल अधिक आहे. म्हणजे ज्या स्त्रीविषयी लेखकाच्या मनात प्रारंभी एक तयार निर्णय होता, ती पुनर्लेखनाच्या ओघात त्या निर्णयातून निसटत गेली. लेखकाला तिला समजून घेण्यास चार वर्षे लागली. वाचकाने ते काम चार दिवसांत उरकावे अशी अपेक्षा करणे कितपत न्याय्य आहे?

कादंबरीच्या रचनेसंबंधी टॉलस्टॉयने दोन पत्रांत जे विचार मांडले आहेत ते या संदर्भात मूलभूत मानावे लागतात. १८७६च्या एप्रिलमध्ये समीक्षक निकोलाय स्त्राखोव्ह याला लिहिताना तो म्हणतो त्याचा आशय असा : या कादंबरीत मला जे सांगावयाचे होते ते शब्दांत सांगा म्हटले तर तीच कादंबरी पहिल्यापासून पुन्हा लिहावी लागेल. तिच्यातील कोणताही एक विचार त्याच्या जोडणीतून सुटा केला की त्याचा अर्थ भयंकर उणावतो; आणि समीक्षकाचे काम वाचकाला या जोडण्यांच्या अंतहीन चक्रव्यूहातून हिंडवून आणणे हे आहे. १८७८च्या जानेवारीत राचिन्स्की याला लिहिलेल्या पत्रात तो वास्तुशिल्पाची उपमा योजतो. दोन कमानी कोठे मिळाल्या हे दिसू नये अशी आपण रचना केली आहे, आणि ती जोड कथानकावर किंवा पात्रांच्या परस्परपरिचयावर आधारलेली नसून आंतरिक आहे, असे त्याचे म्हणणे आहे.

ही भूमिका मान्य केली तर गोषवारा काढण्याची आपली रीत केवळ अपुरी ठरत नाही, ती विषयाच्या स्वरूपाशीच विसंगत ठरते. ज्या ग्रंथाचा अर्थ जोडण्यांत आहे, त्याचा गोषवारा म्हणजे जोडण्या तोडून उरलेले साहित्य होय.

४

'जोडणी' म्हणजे काय, हे एक-दोन उदाहरणांनी स्पष्ट करू.

पहिल्या भागात ॲना मॉस्कोच्या स्थानकावर उतरते तेव्हा एक रेल्वे कामगार गाडीखाली सापडून मरण पावतो. त्याच्या विधवेसाठी काही करता येणार नाही का, असे ॲना पुटपुटते. व्ह्रॉन्स्की क्षणभर बाजूला जातो. त्याने त्या विधवेसाठी २०० रूबल दिले हे मागाहून कळते. घाईने वाचणारा वाचक व्ह्रॉन्स्कीच्या औदार्याची नोंद करतो आणि पुढे जातो. परंतु दोनच प्रकरणांनंतर ॲना किटीजवळ व्ह्रॉन्स्कीची स्तुती करीत असता या २०० रूबलांचा उल्लेख मात्र टाळते. त्या गोष्टीची आठवण तिला अप्रिय वाटते. त्या देणगीत आपल्याशी संबंधित असे काहीतरी होते, होऊ नये असे काहीतरी होते, हे तिला जाणवलेले असते. ॲनाने अद्याप काहीही केलेले नाही. तरी एक गोष्ट न सांगण्याचा निर्णय तिने घेतला आहे. तिच्या पतनाचा आरंभ कोठे झाला असा प्रश्न परीक्षेत विचारला तर विद्यार्थी नृत्यसमारंभाचे किंवा परतीच्या प्रवासातील हिमवादळाचे नाव घेईल. संथ वाचक त्या न उच्चारलेल्या २०० रूबलांपाशी थांबतो.

दुसरे उदाहरण ॲनाच्या लाल पिशवीचे. पहिल्या भागाच्या २९व्या प्रकरणात पीटर्सबर्गला परतताना ती डब्यात बसून या पिशवीतून उशी काढते. नंतर ती पिशवी दासी आनुश्का मांडीवर घेऊन पेंगत असते. आनुश्काच्या हातमोज्यांपैकी एक फाटलेला आहे, हेही लेखक सांगतो. ॲना एक इंग्रजी कादंबरी वाचू लागते, पण तिला वाचवत नाही. दुसऱ्यांच्या जीवनाचे प्रतिबिंब पाहत राहण्याऐवजी ती स्वतः जगावयास अधीर झालेली आहे. सातव्या भागाच्या शेवटी, ३१व्या प्रकरणात, हीच पिशवी पुन्हा येते. गाडीखाली झोकून देण्याच्या क्षणी ती हातातून काढताना ॲनाला विलंब होतो, पहिला डबा निघून जातो, आणि तिला पुढच्या डब्याची वाट पाहावी लागते. रोमान याकोब्सन यांनी १९५६ साली रूपक आणि लक्षणा यांविषयीचा आपला सुप्रसिद्ध सिद्धान्त मांडताना वास्तववादी गद्यातील लक्षणाप्रधान रीतीचे उदाहरण म्हणून याच पिशवीकडे बोट दाखवले. परंतु सिद्धान्ताची परिभाषा माहीत नसलेल्या वाचकालाही, पहिली पिशवी स्मरणात असेल तर, दुसरी पाहताच धक्का बसतो. आणि या अंतिम क्षणी लेखक ज्या प्रतिमेचा आश्रय घेतो तीही वाचनाचीच आहे : जिच्या उजेडात ॲनाने आपल्या जीवनाचा ग्रंथ वाचला ती मेणबत्ती एकदा प्रखर होऊन विझते. गाडीतील अर्धवट ठेवलेल्या इंग्रजी कादंबरीपासून या मेणबत्तीपर्यंत सहा भागांहून अधिक अंतर आहे. ते अंतर स्मरणात सांभाळणे हेच वाचकाचे काम.

व्लादिमिर नाबोकोव्ह कॉर्नेल विद्यापीठात ही कादंबरी शिकवीत असत, तेव्हा ते विद्यार्थ्यांसाठी रात्रीच्या गाडीतील डब्याची आकृती काढून दाखवीत. हा हट्ट प्रथमदर्शनी विक्षिप्त वाटतो. परंतु कोण कोठे बसले आहे हे ज्याला दिसत नाही, त्याला फाटका हातमोजाही दिसत नाही, असा त्यामागील विचार होता. ॲना-व्ह्रॉन्स्की आणि लेव्हिन-किटी यांच्या कथांतील काळ सारख्या वेगाने वाहत नाही, एका जोडीचा काळ दुसरीच्या पुढे धावतो, हे निरीक्षणही त्यांच्याच व्याख्यानांत सापडते. ती व्याख्याने १९८१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

५

आपण ही कादंबरी बहुधा इंग्रजीतून वाचतो. कॉन्स्टन्स गार्नेट यांचे भाषांतर १९०१चे, लुईझ व एल्मर मॉड यांचे १९१८चे, आणि रिचर्ड पेव्हिअर व लारिसा वोलोखोन्स्की यांचे २०००चे. सहवाचनात निरनिराळ्या सभासदांच्या हाती निरनिराळी भाषांतरे असणे ही अडचण न मानता सोय मानावी. जेथे दोन भाषांतरे एकमेकांशी जुळत नाहीत, तेथे मूळ वाक्यात काहीतरी गुंतागुंत आहे असे समजून थांबावे.

एका बाबतीत मात्र मराठी वाचक इंग्रजी वाचकापेक्षा अधिक भाग्यवान आहे. रशियनमध्ये मराठीप्रमाणेच 'तू' आणि 'तुम्ही' असा भेद आहे. आधुनिक इंग्रजीत तो नाही. तिसऱ्या भागाच्या १४व्या प्रकरणात, पत्नीने आपल्या प्रेमसंबंधाची कबुली दिल्यानंतर, कॅरेनिन तिला पत्र लिहितो. ते तो फ्रेंचमध्ये लिहितो आणि पत्नीस फ्रेंच 'तुम्ही'ने संबोधतो. कारण रशियन 'तुम्ही'त जो थंडपणा येतो तो फ्रेंच सर्वनामात येत नाही, असे लेखक स्पष्ट करतो. पतिपत्नी परस्परांना 'तू' म्हणतात. आता 'तू' म्हणवत नाही, आणि 'तुम्ही' म्हटले तर तुटल्यासारखे होईल. म्हणून हा नियमबद्ध अधिकारी तिसरी भाषा शोधतो. इंग्रजी वाचकाला हा परिच्छेद टीपेवाचून समजत नाही. मराठी वाचकाला तो लगेच समजतो.

तथापि येथेही सावध राहिले पाहिजे. आपल्याकडे पत्नीने पतीला 'तुम्ही' म्हणणे ही पिढ्यान्‌पिढ्यांची रूढी होती आणि तीत थंडपणा नव्हता. पती मात्र पत्नीला 'तू' म्हणे. म्हणजे मराठीत या सर्वनामांनी मुख्यतः पायरी दाखवली, तर कॅरेनिनच्या घरात त्यांनी अंतर दाखवले. भाषांतर करावयास बसलेल्याने ॲनाच्या तोंडी कोणते सर्वनाम घालावे? 'अहो' घातले तर ती मराठी गृहिणी होते आणि समानतेची ती जवळीक नाहीशी होते. 'अरे' घातले तर जुन्या वाचकाच्या कानाला ते उद्धट वाटते. आमच्या मंडळात या एका प्रश्नावर एक संपूर्ण बैठक गेली. निष्कर्ष निघाला नाही. परंतु त्या दांपत्याच्या संबंधाविषयी त्या बैठकीत जे कळले ते कोणत्याही स्वभावचित्रणात वाचावयास मिळाले नव्हते.

६

आता सहवाचनाच्या मुख्य लाभाकडे वळू. एकटा वाचक कितीही संथ असला तरी तो आपल्याच स्वभावाच्या वेगाने वाचतो. त्याच्या अनुभवात जे नाही त्यावरून त्याची नजर घसरते. सहाव्या भागात डॉली ॲनाला भेटावयास व्ह्रॉन्स्कीच्या वैभवशाली निवासस्थानी जाते. तेथील नीटनेटक्या दासीसमोर आपले ठिगळ लावलेले जाकीट उलगडताना तिला लाज वाटते. घरी याच ठिगळांचा तिला अभिमान होता, कारण तेथील हिशेब स्पष्ट होता : सहा जाकिटांना २४ अर्शिन कापड, अर्शिनाला ६५ कोपेक, म्हणजे शिलाई सोडून १५ रूबलांहून अधिक खर्च, आणि तो वाचवलेला. प्रस्तुत लेखकाने ही कादंबरी त्यापूर्वी दोनदा वाचली होती. हा हिशेब त्याच्या स्मरणात नव्हता. मंडळातील एका गृहिणी असलेल्या विद्यार्थिनीने तो थांबवून मोठ्याने वाचला आणि विचारले, "व्ह्रॉन्स्कीने स्थानकावर दिलेल्या २०० रूबलांत अशी किती जाकिटे झाली असती?" हा प्रश्न कोणत्याही समीक्षाग्रंथातून आलेला नव्हता. पण पहिल्या भागाची सहाव्या भागाशी जोड त्याने क्षणात उघड केली. एकाचे औदार्य आणि दुसरीची काटकसर यांना एकाच नाण्याने मोजण्याची सोय कादंबरीकारानेच करून ठेवली होती.

सहवाचनातील मतभेद हा दुसरा लाभ. सहाव्या भागाच्या ५व्या प्रकरणात लेव्हिनचा सावत्र भाऊ कोझ्निशेव्ह, वारेंका या गुणी तरुणीस लग्नाची मागणी घालण्याच्या निश्चयाने, तिच्याबरोबर अळंबी गोळा करीत रानात हिंडतो. शब्द मनाशी ठरलेले आहेत, तीही ऐकण्यास उत्सुक आहे. पण ऐन क्षणी त्याच्या तोंडून निघतो तो अळंबीच्या दोन जातींत फरक काय, हा प्रश्न. ती उत्तर देते. आणि दोघांनाही कळते की ती वेळ गेली, आता ते घडणार नाही. हा प्रसंग विनोदी की शोकात्म? दोष कोणाचा? त्यांची सुटका झाली की हानी? एका सभासदाचे म्हणणे पडले की, येथे लेखक बुद्धिप्रधान माणसाची थट्टा करीत आहे. दुसऱ्याने त्याला खडूने अक्षरे लिहून किटीच्या मनातले ओळखणाऱ्या लेव्हिनच्या प्रसंगाची आठवण दिली : तेथे शब्द अपुरे असूनही अर्थ पोचतो, येथे शब्द पुरे असूनही अर्थ पोचत नाही. तिसऱ्याने विचारले की, जे लग्न झाले नाही त्याला कादंबरीत एक पूर्ण प्रकरण का मिळावे? कोणाचेही मत खोडले गेले नाही, पण प्रत्येकाला आपल्या मताची सीमा दिसली.

सर्वांत महत्त्वाचा लाभ मात्र निर्णयासंबंधीचा आहे. ही कादंबरी वाचकाला पदोपदी न्यायाधीशाच्या आसनावर बसवते. कॅरेनिन हा शुष्क यंत्रासारखा मनुष्य, असा निवाडा पहिल्या दोन भागांत सहज होतो. नवऱ्याचे कान असे का आहेत, असे स्थानकावर त्याला पाहताच ॲनाला वाटते, आणि आपण तिच्या बाजूने हसतो. चौथ्या भागात हाच मनुष्य क्षमा करतो, आणि दुसऱ्याच्या त्या तान्ह्या मुलीची इतकी काळजी घेतो की, त्यावाचून ती जगली नसती. पहिला निवाडा रद्द होतो. पाचव्या भागात त्याच्याच घरात लहानग्या सेर्योझाला आई मेली असे सांगितले जाते, आणि कॅरेनिन ते चालू देतो. दुसरा निवाडाही टिकत नाही. ॲनाविषयी, व्ह्रॉन्स्कीविषयी, लेव्हिनविषयीही असेच घडते. जो एकटा आणि घाईने वाचतो, तो आपले पूर्वीचे निवाडे विसरून शेवटचा तेवढा लक्षात ठेवतो. मंडळात मात्र ते सर्वांसमक्ष उच्चारलेले असतात आणि मागे घ्यावे लागतात. 'मी जानेवारीत असे म्हटले होते, ते चुकले' हे वाक्य चारचौघांत उच्चारणे हे वाङ्मयीन शिक्षणाचे लहान फळ नव्हे.

कादंबरीच्या आरंभी सूड घेण्याचा अधिकार ईश्वराचा आहे अशा अर्थाचे बायबलमधील वचन उद्धृत केले आहे. त्याच्या अर्थाविषयी समीक्षकांत एकवाक्यता नाही. ॲनाला शिक्षा होणे अटळ आहे असा त्याचा अर्थ काहींनी लावला. माणसाने माणसाला शिक्षा करू नये असा इतरांनी. बोरिस आयखेनबाउम यांनी या वचनामागे शोपेनहाउअरच्या वाचनाचा संस्कार दाखवून दिला. संथ सहवाचनाने हा वाद मिटत नाही. परंतु आठ महिने ज्या स्त्रीविषयी आपण मते बनवली आणि मोडली, तिच्याविषयी अंतिम शब्द उच्चारण्याची आपली उतावीळ पुष्कळ ओसरलेली असते. आणि हा अनुभव त्या वचनाचे एक भाष्यच म्हटले पाहिजे.

७

व्यवहाराचा प्रश्न उरतो. कादंबरीचे ८ भाग आणि २३९ प्रकरणे आहेत. प्रकरणे बहुतेक आखूड आहेत. आठवड्याला ८ प्रकरणे घेतली तर ३० आठवड्यांत, म्हणजे साधारणतः एका शैक्षणिक वर्षात, ती पूर्ण होते. सहा ते दहा सभासद पुरेत. प्रत्येकाने नेमलेली प्रकरणे आधी वाचून यावे. बैठकीत एक प्रकरण मोठ्याने वाचावे. आणि आळीपाळीने एकाने दोन पाने टिपण लिहावे, त्यात मत कमी आणि निरीक्षणे अधिक असावीत. पुढचा भाग ज्याने वाचला असेल त्याने त्याविषयी मौन पाळावे. समीक्षाग्रंथ त्या त्या भागाचे वाचन झाल्यावरच उघडावेत. तिसऱ्या भागातील गवतकापणीची प्रकरणे किंवा पाचव्या भागातील २०वे प्रकरण हे मोठ्याने वाचण्यास विशेष योग्य आहेत. या २०व्या प्रकरणाला 'मृत्यू' असे नाव आहे. साऱ्या कादंबरीत शीर्षक असलेले हे एकच प्रकरण, आणि त्याच्याच अखेरीस किटीला दिवस गेल्याचे कळते.

या पद्धतीचे धोकेही सांगितले पाहिजेत. चर्चा ग्रंथ सोडून स्वतःच्या आयुष्याकडे वाहवत जाते. अशा वेळी 'हे कोणत्या पानावर आहे?' हा प्रश्न उपयोगी पडतो. अध्यापक मंडळात असेल तर त्याचे मत हेच उत्तर ठरण्याचा संभव असतो. त्याने सर्वांत शेवटी बोलावे हे बरे. तपशिलांच्या मागे लागून समग्रतेचे भान सुटण्याची भीती असते. म्हणून प्रत्येक भागाच्या शेवटी एक बैठक केवळ मागे वळून पाहण्यासाठी राखावी. आणि आणखी एक आक्षेप असा की, कादंबरीला स्वतःचा वेग असतो, तो अडवणे म्हणजे रसभंग होय. हा आक्षेप अंशतः खरा आहे. घोड्यांच्या शर्यतीचे प्रकरण तुकडे करून वाचू नये. संथ वाचन म्हणजे सर्वत्र सारखेच मंद वाचन नव्हे. कोठे थांबावे आणि कोठे थांबू नये, हे ग्रंथालाच विचारून ठरवावयाचे असते.

व्हिक्तर श्क्लोव्हस्की यांनी १९१७च्या आपल्या निबंधात, कला ही वस्तूंचे आकलन कठीण आणि दीर्घ करते, कारण आकलनाची प्रक्रिया हेच तिचे साध्य आहे, असा विचार मांडला आणि त्याची उदाहरणे टॉलस्टॉयमधूनच घेतली. तो मान्य केला तर, लेखकाने प्रयत्नपूर्वक दीर्घ केलेले आकलन गोषवाऱ्याने पुन्हा आखूड करणे हा त्या कलेचा पराभव ठरतो. विभागातील अभ्यासक्रमात वर्षाला दहा कादंबऱ्या नेमलेल्या असताना त्यांतील एक तरी अशी वाचली जावी, एवढीच येथील सूचना आहे. उरलेल्या नऊ आपण घाईने वाचल्या, हे निदान त्यामुळे आपल्या ध्यानात येईल.